कोणाची लेक?

गावात परका मनुष्य आला आणि त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : “आपण कोणाचे?” या प्रश्नात वावगे काही नाही. नाव, गाव, मामाकूळ कळले, की कोठेतरी धागा जुळतो. आपल्याच एखाद्या मावसबहिणीचे सासर त्या पाहुण्याच्या शेजारी निघते आणि चुलीवर चहाचे आधण चढते. परक्याला आपला करून घेण्याची ही आपली जुनी रीत आहे. परंतु हाच प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत विचारला जातो, तेव्हा त्याचा सूर पालटतो. तेथे तो दार उघडण्यासाठी विचारला जात नाही. दार कोणासाठी लावून घ्यावे, हे ठरविण्यासाठी विचारला जातो. मुलगी समोर बसलेली असते, तिच्या हातचे पोहे सर्वांनी खाल्लेले असतात, आणि तिच्याविषयी सर्व काही विचारून झाल्यावर जे तिच्या हाती मुळीच नव्हते, त्यावरून तिचे मोल ठरविले जाते.

आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत ती एका कादंबरीची कथा, आणि ती याच प्रश्नाभोवती फिरते. ग्रंथ आहे ‘ब्राह्मणकन्या’, लेखक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रसिद्धीचे साल १९३०.

धर्मप्रांताच्या कामानिमित्त आमचे हैदराबादेस जाणे होते. एकदा रविवारची मिस्सा आटोपून गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमधून आम्ही आबिड्सकडे पायी निघालो. ज्यांनी हा भाग पाहिला आहे, त्यांस ठाऊक असेल, की रविवारी तेथील दुकाने बंद असतात आणि बंद दुकानांपुढच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. वैद्यकाची जाडजूड पुस्तके, इंग्रजी कादंबऱ्या, उर्दू दिवाण, तेलुगू मासिके, शाळेची क्रमिक पुस्तके, असा सारा संसार तेथे चादरीवर मांडलेला असतो. त्यात क्वचित मराठी पुस्तकही हाती लागते. कोण्या मराठी घरातील वडीलधारे निवर्तले, मुलांस मराठी वाचता येईनासे झाले, कपाट रिकामे करावे लागले, की ती पुस्तके येथे येतात. अशाच एका ढिगात, पुठ्ठा सैल झालेली ‘ब्राह्मणकन्या’ आम्हांस मिळाली.

ही कादंबरी आबिड्सच्या पदपथावर मिळावी, यात आम्हांस एक औचित्य वाटले. हा भाग ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अल्बर्ट आबिड मूळचे आर्मेनियन. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी ते होते आणि येथे त्यांचे दुकान होते. परमुलखातून आलेल्या त्या मनुष्याच्या दुकानाचे नाव हळूहळू रस्त्यास लागले, रस्त्याचे वस्तीस लागले, आणि आज ‘आबिड्स’ म्हणताना तो शब्द बाहेरचा आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. पण ही गोष्ट रस्त्यास जितकी सोपी गेली, तितकी माणसांस जात नाही.

याच शहरात १९३१ साली मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान डॉ. केतकरांनी भूषविले. ‘ब्राह्मणकन्या’ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. त्या काळचे हैदराबाद कसे होते, हे थोडक्यात सांगावयास हवे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्यांची संख्या फार मोठी. पण दरबारची, कचेरीची आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. मराठी मुलांसाठी १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था लोकांनी मोठ्या कष्टाने चालविल्या. पुढे १९४८ साली ते राज्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा त्यातून निघून मुंबई राज्यात आला. शहरातील मराठी घरे मात्र तेथेच राहिली. आपण नक्की कोठले, हा प्रश्न त्या घरांस कोणी शिकवावा लागला नाही.

आता केतकरांविषयी. त्यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला. तरुण वयात ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९११ साली डॉक्टर झाले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालचा. मनुस्मृतीच्या आधारे त्यांनी जातींचे नियम तपासले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला. तेवीस खंडांचे ते काम त्यांनी मंडळी जमवून, भागभांडवल उभारून, दारोदार वर्गणीदार मिळवून तडीस नेले. आजही लोक त्यांस ‘ज्ञानकोशकार’ म्हणूनच ओळखतात. अशा या पंडिताने पुढे ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या लिहाव्या, याचे तेव्हाच्या विद्वानांस नवल वाटले. ज्याने जातीवर शास्त्रीय ग्रंथ लिहिला, त्याला त्याच विषयावर गोष्ट सांगण्याची गरज का पडावी? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर गोष्टीतच आहे. म्हणून आधी गोष्ट पाहू.

कालिंदी डग्गे ही शिकलेली, बुद्धिमान आणि मानी मुलगी. तिचे वडील ब्राह्मण, सुधारक मताचे. त्यांनी विवाह केला तो अशा स्त्रीशी, की जिची आई कोणाची विवाहित पत्नी नव्हती. वडिलांनी हे उघडपणे, विधिपूर्वक आणि सन्मानाने केले. त्यात लपवाछपवी नव्हती. परंतु समाजाने मनाशी टिपून ठेवले आणि मुले लग्नाची झाल्यावर हिशेब पुढे केला. घरी विद्या आहे, पैसा आहे, संस्कार आहेत. पण ब्राह्मणांत तिला स्थळ नाही आणि इतर जातींसही ती आपली वाटत नाही. सुधारणेचे धैर्य बापाने दाखविले. त्याची किंमत मुलांनी मोजली. कालिंदीला आपल्या आजीचा राग येतो, आईची कीव येते, वडिलांच्या आदर्शाचाही उबग येतो. शेवटी ती घर सोडते आणि एका परजातीय व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहू लागते. जे आजीच्या नशिबी आले, तेच जणू ती आपल्या हाताने ओढवून घेते. समाजाने सतत सांगितले, की तू त्यातलीच. आणि एका दुबळ्या क्षणी तिने ते खरे मानले.

या ठिकाणी वाचकाने थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. माणसाचा अपमान बाहेरून होतो तोवर तो सोसता येतो. ज्या दिवशी अपमान करणाऱ्याचे मत आपले स्वतःचे मत होऊन बसते, त्या दिवसापासून खरी हानी सुरू होते. केतकरांनी ही गोष्ट उपदेशाने सांगितली नाही. मुलीच्या पावलांनी दाखविली. त्या व्यापाऱ्याच्या घरी तिला सुख लाभत नाही आणि मानही लाभत नाही. पुढे ती तेथून निघते, मुंबईस येते, कामगारांच्या चळवळीत काम करू लागते. तेथे तिच्या आजीची चौकशी कोणी करीत नाही. ती काय करते, कशी बोलते, अडचणीला धावून येते की नाही, हे पाहिले जाते. कामाने तिला हळूहळू स्वतःची किंमत कळते. तिचा पुढे विधिवत विवाह होतो. पण आमच्या दृष्टीने विवाह हा त्या कथेचा शेवटचा टप्पा आहे. तिची सुटका त्याआधीच झालेली असते.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. जातीचे नियम कोणते, ते कसे बनले, कोणाशी रोटी आणि कोणाशी बेटी, हे शास्त्रीय ग्रंथ सांगतो. वाचून आपण म्हणतो, “खरे आहे, रूढी वाईट आहे,” आणि पुस्तक मिटून सोयरीक ठरवावयास जातो. त्या ग्रंथात ‘समाज’ असतो आणि समाज म्हणजे नेहमी दुसरे लोक. कादंबरीत समाज नसतो. तेथे अमुक एक मुलगी, अमुक एका संध्याकाळी, पाहुणे परत गेल्यावर भांडी आवरीत असते. आपण तिच्या घरात शिरतो आणि पाहुण्यांच्या बाजूने न बसता तिच्या बाजूने बसतो. हे बसणे शास्त्र घडवू शकत नाही. केतकरांच्या कादंबरीत एक शास्त्रीबुवा आहेत. बदललेल्या काळासाठी नवी स्मृती रचावी, असा त्यांचा ध्यास आहे. पण आम्हांस वाटते, स्मृती जुनी असो वा नवी, नियम बदलण्यापूर्वी मन बदलावे लागते. आणि मन बदलण्याचे काम त्या ग्रंथात शास्त्रीबुवांपेक्षा कालिंदीच अधिक करते.

हे सामर्थ्य कथेत फार पूर्वीपासून आहे. दावीद राजाने उरियाची पत्नी हिरावून घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्यास आज्ञेचे कलम वाचून दाखविले नाही. त्याने एका गरीब मनुष्याच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, अपराध्यास शिक्षा ठोठावू लागला. आणि मग त्यास कळले, की गोष्टीतला अपराधी आपणच. आपल्या मराठीतही असेच घडले. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील ती पहिली कादंबरी आणि तिचा विषय विधवांचे हाल हा. पुढे हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीत यमूचे दुःख तिच्याच तोंडून वदविले. केशवपनाविरुद्ध व्याख्याने पुष्कळ झाली होती. पण ज्या घरांत व्याख्यान पोहोचत नव्हते, त्या घरांत यमू पोहोचली.

कोणी म्हणेल, हा सारा हिंदू समाजाचा प्रश्न. आपला काय संबंध? असे म्हणून हात झटकणे आपणांस शोभणार नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही पूर्वीची जात सोयरिकीच्या वेळी हळूच डोके वर काढते. अमुक घराणे जुने ख्रिस्ती, अमुक नवे. अमुकाच्या आजोबांचे मूळ अमुक. अमुकीच्या आईचे माहेर सांगण्याजोगे नाही, असली वाक्ये ज्याने ऐकली नाहीत, असा धर्मगुरू विरळा. चर्चच्या कायद्यासही या बाबतीत वाट चालावी लागली आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे विवाहबाह्य जन्मलेल्या पुरुषास विशेष मोकळीक मिळाल्यावाचून धर्मगुरूपदाची दीक्षा घेता येत नसे. १९८३ च्या संहितेत तो अडसर उरला नाही. आणि ज्यांस वंशावळीचा फार अभिमान असेल, त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले पान सावकाश वाचावे. तेथे तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे, आणि उरियाची पत्नीही आहे. त्या नावांवर शाई फिरविण्याची शुभवर्तमानकारास गरज वाटली नाही.

हे पुस्तक घरी आणल्यानंतर काही दिवसांनी एक सद्गृहस्थ आमच्याकडे आले. मुलाचे लग्न जमत होते. मुलगी परिचारिका, शांत स्वभावाची, मुलास मनापासून पसंत. “मग अडले कोठे?” आम्ही विचारले. ते खाली पाहून म्हणाले, “फादर, मुलगी सोन्यासारखी आहे. पण तिच्या आजीचे लग्न झाले नव्हते, असे लोक म्हणतात.” आजी हयात आहे काय, असे विचारता कळले, की तिला जाऊन वीस वर्षे झाली. वीस वर्षांपूर्वी मातीआड झालेल्या बाईचे देणे तिची नात फेडीत होती! आम्ही त्यांस उपदेश केला नाही, कपाटातून ‘ब्राह्मणकन्या’ काढून दिली आणि म्हणालो, “वाचून परत करा. घाई नाही.” तीन आठवड्यांनी ते पुस्तक घेऊन आले. भाषा जुनी आणि जड म्हणून त्यांची मंडळी मोठ्याने वाचीत आणि ते ऐकत, असे त्यांनी सांगितले. मग क्षणभर थांबून म्हणाले, “फादर, ती पोरगी घर सोडते ना, तेथे आमच्या घरातून तिला म्हणाली, बाई, जाऊ नकोस. पुस्तकातल्या पोरीला!” पुढल्या रविवारी उभयता मुलीच्या घरी जाऊन आली. त्यानंतर काय ठरले, ते त्या दोन घरांचे आहे. ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आता पालकांच्या एका शंकेस उत्तर देणे अवश्य आहे. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, असे कित्येकांस वाटते. आणि कालिंदी तर विवाहावाचून एका पुरुषासह राहते! अशी गोष्ट वाचावयास द्यावी काय? आमचे म्हणणे असे, की लेखकाने तिचे ते पाऊल गोड करून दाखविलेले नाही. त्याचे फळ कडू आहे आणि ते तसेच वाढलेले आहे. तिने केले ते योग्य, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिला तेथवर कोणी लोटले, याचा विचार न करता तिलाच दोष देणे, म्हणजे विहिरीत पडलेल्याला ओले कपडे घातल्याबद्दल रागावणे होय. शिवाय हे पुस्तक लहान मुलांसाठी नाही. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांनी ते वाचावे. कलेच्या दृष्टीने त्यात दोष आहेत, हेही सांगून टाकतो. पात्रे मध्येच लांबलचक चर्चा करू लागतात, कथानक अडखळते, भाषा ओबडधोबड आहे. समीक्षकांनी हे पुष्कळदा म्हटले आहे. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीस मात्र त्या कादंबऱ्यांत इतके काही सापडले, की त्यांनी ‘केतकरी कादंबरी’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

केतकरांस हा विषय केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. १९२० साली त्यांनी एडिथ कोहन या जर्मन ज्यू स्त्रीशी विवाह केला. व्रात्यस्तोम विधी करून त्या हिंदू झाल्या आणि शीलवती केतकर म्हणून पुण्यात राहिल्या. परक्या घरात, परक्या भाषेत आपली जागा करणे म्हणजे काय, ते त्यांनी रोज अनुभवले. विंटरनित्स यांचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनीच इंग्रजीत आणला. केतकर १९३७ साली निवर्तले. पुढे कित्येक वर्षांनी शीलवतीबाईंनी आपल्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या. ग्रंथाचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. आमच्या मते ते नावच पुष्कळ सांगून जाते. ज्याला इतरांनी ‘तू कोणाची?’ म्हणून विचारले, त्याने एक दिवस आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगावी, यात आत्मसन्मानाचा फार मोठा भाग आहे.

म्हणून वाचकांस आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की रात्रीच्या रोझरीनंतर अर्धा तास घरात एखादे चांगले पुस्तक मोठ्याने वाचावे. शिकलेल्या मुलीने वाचावे आणि आजीने ऐकावे. गोष्ट ऐकताना आजी जे बोलेल, ते एरवी कधी बोलली नसती. दुसरी विनंती येत्या लग्नसराईपुरती आहे. मुलगी पाहावयास जाल, तेव्हा तिच्या घराण्याची चौकशी खुशाल करा. पण ती करण्याआधी तिला स्वतःलाच काही विचारा. ती काय करते, तिला काय आवडते, पुढे काय करण्याचा तिचा मानस आहे, हे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. तिच्या आजीची गोष्ट कोणी कानात सांगू लागला, तर त्यास म्हणा, “ते राहू द्या. आम्ही हिला पाहावयास आलो आहोत.”